डोंगरगाडीला एक गोळा

रोलर कोस्टरच्या बाबतीत टिटवी कोणाचंही ऐकून घेत नसे. वय साडेपंधरा, उंची बेताची, पण आवाज असा की पहिल्या उतारावर ती किंचाळली की खाली रांगेतली माणसं माना वर करून बघत. म्हणून तर मावशीने तिचं नाव टिटवी ठेवलं होतं. गेल्या वर्षापर्यंत हाच आवाज वर्गात कुठे दडी मारून बसायचा कोण जाणे. बाईंनी प्रश्न विचारला की टिटवीला उत्तर यायचं, ते ओठांपर्यंत पोचायचं आणि तिथूनच माघारी फिरायचं. मग तिने मोबाइलवर 'पोटात गोळा' नावाचं पान सुरू केलं. पार्कमधल्या एकेका रोलर कोस्टरबद्दल ती तिथे रोखठोक मत लिहायला लागली आणि बघता बघता चार हजार माणसं ते वाचायला लागली. चार हजार! तेव्हापासून टिटवीचा हात वर्गातही वर जाऊ लागला, तोही कोपरापासून नाही, थेट खांद्यापासून.

पद्धत सोपी होती. तारे-बिरे काही नाहीत. पोटात जो गोळा येतो तो मोजायचा आणि पाचपैकी किती ते सांगायचं.

'झेप'ला साडेतीन. "दीड तास रांगेत उभं राहायचं आणि चौतीस सेकंदांत उतरायचं. सुटते मात्र अशी की तोंड पुढे जातं आणि कान मागे राहतात."

'उलटा साप'ला दोन. "पाच वेळा उलटं करतात म्हणून लोक उगाच भाव देतात. तिसऱ्यांदा उलटं झालं की पोटालाही कंटाळा येतो. वर खांद्यावरच्या पट्ट्या कानशिलं अशी बडवतात की आपण नक्की काय गुन्हा केला होता ते आठवत खाली उतरावं."

'सुरवंट'ला चार. "सात वर्षांखालच्यांची म्हणून हसू नका. शेवटच्या वळणावर झुडपं अंगावर येतात. माझ्याशेजारी बसलेले एक तीन वर्षांचे गृहस्थ उतरता उतरता 'पुन्हा' म्हणाले. आणखी काय पाहिजे?"

'पाताळ'ला पाचच्या पाच. "कड्यावर नेऊन, तोंड खाली करून, तीन सेकंद नुसतं थांबवतात. तपासलेले पेपर वाटताना बाई तुमचं नाव घ्यायच्या आधी जरा थांबतात ना, ते हे तीन सेकंद."

आणि डोंगरगाडीला एक.

डोंगरगाडी म्हणजे पार्कमधली सगळ्यात जुनी गाडी, आख्खी लाकडी. तिच्याबद्दल लिहिताना टिटवीची लेखणी सुसाट सुटली होती. "खुळखुळ्यातल्या खड्याला काय वाटत असेल हे ज्यांना जाणून घ्यायचंय त्यांनी जरूर बसावं. मणके फुकटात मोजून मिळतात. आणि बसायचंच असेल तर शेवटच्या ओळीत बसा. कुठलीही गाडी असो, खरं काय ते शेवटच्या ओळीतच कळतं. पुढे बसतात ते केस विस्कटू नयेत म्हणून."

ह्याच मतावर लोक सगळ्यात जास्त हसले होते. टिटवी काही ऐकीव लिहीत नव्हती, ती डोंगरगाडीत अकरा वेळा बसली होती. अकराही वेळा शेवटच्या ओळीत, कारण गाडी उतारावर गेली की शेवटच्या ओळीला पुढून खेचल्यासारखं होतं. ज्यांना रोलर कोस्टरचं खरं वेड असतं ते सगळे धावत मागेच जातात. तो त्यांचा नियमच असतो म्हणा ना.

गोम एवढीच होती की डोंगरगाडीचा ब्रेक ओढायला टिटवीची सख्खी मावशी उभी असायची. लिहिताना मावशी आठवली नव्हती असं नाही. आठवली होती. पण मत म्हणजे मत, असं म्हणून टिटवीने तिला बाजूला सारलं होतं. पानावर नाव नव्हतंच, त्यामुळे सारणंही सोपं गेलं.

शुक्रवारी संध्याकाळी मावशी कामावरून परस्पर टिटवीच्या घरी आली. अंगावर पार्कचा निळा शर्ट तसाच, नखांत वंगण. तिने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि जेवणाच्या टेबलावर पसरला.

"पार्कच्या साहेबांनी हे ऑफिसच्या दारावर चिकटवलंय," ती आईला म्हणाली. "मी एक प्रत मागून घेतली. रविवारी सकाळी पार्क उघडायच्या आधी साहेब स्वतः डोंगरगाडीत बसणार. ह्यात लिहिलंय ते खरं निघालं तर गाडी बंद. पाडून तिथे नवी लोखंडी उभी करायची म्हणतायत."

टिटवीने कागदाकडे तिरक्या नजरेने बघितलं. वरच ठसठशीत अक्षरांत 'पोटात गोळा'. तोंडातला घास तोंडातच राहिला.

"अगं, मग तुझं काय?" आईने विचारलं.

"माझं काय! नव्या गाडीला दांडाच नसतो. कॉम्प्युटर थांबवतो तिला. मला उभं करतील गेटवर, लोकांच्या हातावर शिक्के मारायला."

दांडा म्हणजे फलाटावरचा मावशीच्या छातीएवढा उंच लोखंडी ब्रेक. डोंगरगाडी शेवटच्या वळणावरून आली की मावशी तो ओढते. तिथे कुठे आकडे नाहीत की दिवे नाहीत. भरलेली गाडी जोरात येते, तिला लवकर ओढायचं. रिकामी दमाने येते, तिला उशिरा. ओलं असलं तर त्याचं गणित आणखी वेगळं. हे सगळं मावशीच्या कानात आणि खांद्यात होतं. एकोणीस वर्षांत तिची गाडी फलाटाच्या रेघेपासून वीतभरही इकडेतिकडे थांबलेली कोणी पाहिली नव्हती.

"वाचू का?" मावशी म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने ते मोठ्याने वाचलंही. खुळखुळ्याशी तिला हसू फुटलं. केसांच्या वाक्याला तर तिने टेबलावर थाप मारली. "मेला लिहितो मात्र झकास हं! पण एक सांगू? हा बाबा एकाच जागी बसलाय."

"म्हणजे?" टिटवीचा आवाज इतका बारीक निघाला की आईने वळून बघितलं.

मावशीने तीन वाट्या ओळीने मांडल्या. "हा एक डबा. ह्यात तीन बाकं. पहिल्याखाली चाकं, तिसऱ्याखाली चाकं. मधल्याखाली काहीच नाही. मधे बसलं की नुसतं तरंगायला होतं. आणि गाडीची शेवटची ओळ म्हणजे बरोबर चाकाच्या डोक्यावर. तिथे बसून गाडीबद्दल मत द्यायचं म्हणजे वॉशिंग मशीनवर बसून घराबद्दल मत द्यायचं."

"मग तू लोकांना सांगत का नाहीस?"

"विचारणाऱ्याला सांगते की. न विचारणाऱ्याच्या मागे पळू का? तूही तर आल्या आल्या तडक मागे पळतेस. मला वाटायचं, आमच्या टिटवीला खडखडाटच आवडतो."

टिटवीने पाणी प्यायलं. मग आणखी एकदा प्यायलं. सांगावं का आत्ता? एक वाक्य तर होतं: मावशी, ते मी लिहिलंय. पण जुनी खोड उलटली. वाक्य ओठांपर्यंत आलं आणि माघारी गेलं.

शनिवारी शाळेत तिने मैत्रिणीला, चष्मिशला गाठलं. 'पोटात गोळा' कोणाचं आहे हे साऱ्या जगात एकट्या चष्मिशला माहीत होतं.

"पुसून टाक," चष्मिश म्हणाली. "पानच नाही तर पुरावा नाही."

"पुरावा साहेबाच्या दारावर चिकटलाय."

"मग नवीन लिही. चूक झाली, डोंगरगाडी छान आहे, चार गोळे."

"मधे बसलेच नाहीये मी! न बसता चार कसे देऊ?"

"न बसता एक दिलास की," चष्मिश म्हणाली आणि चष्मा पुसायला लागली.

मैत्रिणीने तोंडावर असं काही मारावं आणि वर ते खरंच असावं, ह्यासारखा वैताग नाही. त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला टिटवीने हात वर केला नाही. उत्तर येत होतं, पण तिला वाटलं, आपल्याला येतं असं आपल्याला जे वाटतं त्यातलं खरं किती? दुपारभर तिने सहा वेळा नवीन मत लिहिलं आणि सहा वेळा पुसलं. चार हजार माणसं म्हणणार, हिला साधं कुठे बसायचं ते कळत नाही आणि ही आम्हाला शिकवते. आणि मावशी काय म्हणेल, ह्याच्या तर ती जवळपासही फिरकली नाही.

रविवारी ती मावशीबरोबर पार्कात गेली. "सोबतीला येते," एवढंच म्हणाली. पार्क उघडायला तास होता. गाणी बंद, दुकानांची शटरं खाली, 'झेप'च्या रुळांवर एक कामगार फडका मारत चालला होता. डोंगरगाडीच्या फलाटावर ओल्या लाकडाचा आणि वंगणाचा वास होता. मावशीने डब्यांच्या कड्या एकेक करून हलवून बघितल्या, रिकामी गाडी एकदा फिरवून आणली, दांडा ओढून अचूक रेघेवर थांबवली.

साहेब आले. हसले नाहीत, रागावलेलेही दिसत नव्हते. अंगात पांढरा शर्ट, डोळ्यांवर बारीक काड्यांचा चष्मा, हातात तो कागद. "बाई, तयार?"

"तयार आहे साहेब."

"कुठे बसू?" आणि मावशीने तोंड उघडायच्या आत साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. "हं. 'खरं काय ते शेवटच्या ओळीतच कळतं.' मग तिथेच बसतो."

टिटवीने मावशीकडे पाहिलं. बोल ना, वाट्या मांडल्या होत्यास ना परवा! पण मावशीचा चेहरा दगडासारखा झाला होता. एकोणीस वर्षं गाडी चालवलेली बाई आता 'साहेब, जरा इथे बसा हो' म्हणून आर्जव करायला तयार नव्हती. "बसा तुम्हाला बसायचं तिथे," ती म्हणाली आणि दांड्याकडे गेली.

आता बोलायचं ते टिटवीने. साहेब फलाटावरून मागे चालत निघाले होते. दहा पावलं. सात. तिने श्वास घेतला. साहेब बसले, त्यांनी मांडीवरचा आडवा दांडा खाली ओढला, मावशीने येऊन तो हलवून बघितला, आणि टिटवीच्या तोंडून हवेखेरीज काही बाहेर पडलं नाही. गाडी सुटली.

वर चढताना साखळी कड्-कड्-कड् वाजत होती. मग गाडी उतारावर गेली आणि सगळा लाकडी सांगाडा थरथरला. वळणावर साहेबांचं डोकं दाणदाण हलताना लांबूनही दिसत होतं. टिटवीला प्रत्येक खडखडाट स्वतःच्या अक्षरांत ऐकू येत होता. म-ण-के. फु-क-टा-त.

मावशीने दांडा ओढला. गाडी रेघेवर थांबली. साहेबांनी आधी चष्मा सरळ केला, मग कंबरेवर हात ठेवून हळूहळू उठले. खिशातून पेन काढलं आणि कागद खांबावर धरून त्यावर काहीतरी लिहू लागले.

"साहेब," टिटवी म्हणाली.

त्यांनी मान वर केली नाही.

"साहेब, ते मी लिहिलंय!"

हा आवाज मात्र पहिल्या उतारावरचा होता. 'झेप'च्या रुळावरचा कामगारसुद्धा थांबून बघायला लागला. मावशीने दांड्यावरचा हात काढला नाही, पण टिटवीकडे तिने असं बघितलं की टिटवीने नजर साहेबांवरच खिळवून ठेवली.

"काय लिहिलंस?"

"'पोटात गोळा'. माझं पान आहे ते. आणि डोंगरगाडीचं चुकलंय. मी अकरा वेळा बसले, पण अकराही वेळा शेवटच्याच ओळीत. ती चाकावर असते. मधलं बाक चाकावर नसतं. तुम्ही एकदा मधे बसा, मग लिहा काय लिहायचं ते."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "ह्या तुझ्या कोण?"

"मावशी."

"अच्छा. म्हणजे मावशीची गाडी बंद होणार म्हटल्यावर मत बदललं."

हे त्यांनी म्हणणं साहजिकच होतं, तरी तिला ते दिसलं नव्हतं. काल सहा वेळा लिहिलं तेव्हाही नाही. आता काहीही म्हटलं तरी ते भाचीचंच वाटणार.

"शेवटच्या ओळीबद्दल मी एक अक्षर बदलणार नाही," ती म्हणाली. "तिथे मणके मोजून मिळतात. मिळाले ना तुम्हाला?"

साहेबांचा हात नकळत कमरेकडे गेला.

"पण बाकीच्या गाडीबद्दल मी न बसताच लिहिलं. तेवढंच चुकलंय. ती कशी आहे, मलाही माहीत नाही. वाईट असेल तर वाईट लिहीन. तुमच्यासमोर लिहीन."

"तुलाही माहीत नाही?"

"नाही."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग गाडीकडे. "चल बस," ते म्हणाले. "मधे. माझ्याशेजारी."

चौथ्या डब्याचं मधलं बाक. मावशी मांडीवरचा दांडा तपासायला आली. तिने साहेबांचा हलवून बघितला, टिटवीचा हलवून बघितला, तोंडातून शब्द काढला नाही. एवढ्या जवळ येऊन मावशी बोलली नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. तिची पाठ वळली आणि टिटवीच्या मनात पहिल्यांदाच भलतीच शंका आली. मावशीने तरी मधे बसून कधी पाहिलंय? एकोणीस वर्षं ती दांड्याशीच उभी. वाट्या मांडून सगळंच सोपं दिसतं. मधेही हाडं खिळखिळी झाली तर?

कड्-कड्-कड्. टिटवीने डोळे मिटले. आयुष्यात कुठल्याही गाडीत तिने डोळे मिटले नव्हते.

गाडी माथ्यावर आली, जरा रेंगाळली आणि सुटली. टिटवी खडखडाटाची वाट बघत दात आवळून बसली. उतार संपला, दुसरी टेकडी चढली, आणि दात अजून आवळलेलेच होते, तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोणी तिला हलवत नाहीये. लाकूड खाली कुठेतरी बडबडत होतं, पण शेजारच्या खोलीत माणसं बोलतात तसं. तिने डोळे उघडले. तिसऱ्या टेकडीवर बाक खालून निघून गेलं, ती मांडीवरच्या दांड्याला लागेपर्यंत उचलली गेली, आणि हा गोळा इतका सावकाश, इतका ऐसपैस आला की किंचाळायचंही राहून गेलं. शेजारून "ओहो" असा आवाज आला. साहेबांचा. शर्टाची कॉलर फडफडत होती आणि त्यांनी चष्मा हातात काढून घेतला होता.

शेवटचं वळण आलं. फलाट दिसला, निळा शर्ट दिसला. निळ्या शर्टाने दांडा ओढला.

लवकर ओढला.

टिटवीला ते पोटात आधी कळलं आणि डोक्यात नंतर. दोन माणसांची गाडी, म्हणजे जवळजवळ रिकामीच. हिला उशिरा ओढायचं असतं. गाडी कुरकुरली, दमली आणि फलाटापासून चांगली पंधरावीस पावलं अलीकडे, पुलासारख्या उघड्या रुळांवर उभी राहिली. खाली झुडपं होती.

टिटवीचं धाबं दणाणलं. झालं. गाडी चांगली निघाली आणि मावशीचा हात चुकला. तोही माझ्यामुळे. आता साहेब म्हणतील, बघा, माणसाच्या हातचं हे असंच असतं, कॉम्प्युटर बरा.

मावशीने दांडा सैल केला आणि ती कडेच्या फळीवरून कठडा धरत चालत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "उतरू नका," ती म्हणाली. "बसून राहा. ढकलते." ती त्यांच्या डब्याला खांदा लावून उभी राहिली आणि गाडी इंचाइंचाने पुढे सरकू लागली.

"अकरा वेळा," मावशी टिटवीच्या कानामागून म्हणाली. धापा टाकत. "अकरा वेळा माझ्यासमोरून गेलीस. एकदा विचारलं असतंस, मावशी, कुठे बसू?"

"चुकलं गं."

"परवा जेवताना मी वाचत होते. हसत होते मी, टिटवे. आणि तू पाणी पीत होतीस."

टिटवीला रडू आलं. साहेब शेजारीच बसले होते, त्यांच्यासमोर रडायची इच्छा अजिबात नव्हती, पण आलं.

"बाई," साहेब म्हणाले. "हे आधी कधी झालंय?"

"नाही साहेब. आज पहिल्यांदा." मावशी ढकलतच होती. "डोकं ठिकाणावर नव्हतं. माझी चूक. गाडीची नाही."

गाडी रेघेला लागेपर्यंत साहेब डोंगरगाडीच्या लाकडी टेकड्यांकडे वळून बघत राहिले. उतरल्यावर त्यांनी कागद काढला, मघाशी त्यावर लिहिलेलं वाचलं आणि त्यावर एक आडवी रेघ मारली.

"हंगाम संपेपर्यंत चालू राहील," ते म्हणाले. "मग पुन्हा बघू. मी कायमचं काही सांगत नाहीये, बाई."

"बरं साहेब."

"कोणतं बाक कसं आहे त्याची पाटी रांगेत लावा आजच. आणि तू." त्यांनी टिटवीकडे वळून पाहिलं. "लिही आज बसलीस ते. पुढेही एकदा बसून घे, मग पुढचं, मधलं, मागचं, सगळं. फक्त नावानिशी लिही. भाची आहेस हेही लिही. वाचणाऱ्याला ठरवू दे विश्वास ठेवायचा की नाही."

"भाची आहे म्हटल्यावर कोण ठेवेल?"

"तो तुझा प्रश्न," साहेब म्हणाले आणि कमर चोळत जिना उतरून गेले.

पार्कचं फाटक उघडलं. गाणी सुरू झाली. पहिली वीसेक माणसं धावत जिना चढून आली आणि त्यातली दोघं मोबाइल हातात धरून सरळ शेवटच्या ओळीकडे गेली. मावशी एकेकाच्या मांडीवरचा दांडा हलवून बघत होती. टिटवी तिच्या मागे मागे फिरत होती.

"मावशी, रागावलीस?"

"हो."

"खूप?"

"आता भरलेली गाडी सोडायचीय मला. तू इथे समोर उभी राहिलीस ना, तर पुन्हा हात चुकेल. जा खाली."

टिटवी जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत उतरली. त्याहून खाली तिचे पाय जाईनात. डोक्यावर साखळी कड्-कड् वाजली, मग थांबली. मग माणसं किंचाळली, सगळी एकदम, आणि आवाज लांब गेला. भरलेली गाडी, म्हणजे लवकर ओढायचं. फार लवकर नाही, पण लवकर. तिने कठडा घट्ट धरला आणि वर न बघता नुसतं ऐकत राहिली. शेवटचं वळण. खडखडाट जवळ आला, आणखी जवळ, आता, मावशी, आता!

दांडा खाली आला. जमिनीवर गोणी टेकवावी तशी गाडी अलगद थांबली. वर कोणीतरी टाळ्या पिटल्या आणि मावशीचा रोजचा, जाडाभरडा आवाज आला, "डाव्या बाजूने उतरा, ढकलू नका, चप्पल कोणाची राहिलीय बघा."

टिटवी पायरीवर बसली. तिने मोबाइल काढून 'पोटात गोळा' उघडलं. मत नंतर. सगळ्यात वर तिने आधी स्वतःचं नाव लिहिलं, आडनावासकट.